टीपी-लिंक टीएल-एसजी१०८ई: व्हीलॅनसाठी घ्यावा का, आणि घेतला तर कसा लावावा

टीएल-एसजी१०८ई हा टीपी-लिंकच्या ‘इझी स्मार्ट’ मालिकेतला आठ गिगाबिट पोर्टांचा स्विच. पत्र्याची पेटी, पंखा नाही, वीज बाहेरच्या ॲडॅप्टरवर. शेजारी आठ पोर्टांचा साधा स्विच ठेवला तर दिसायला फारसा फरक नाही. फरक आहे तो त्याच्या वेब-पानात, आणि त्या पानावरची सगळ्यात कामाची सोय म्हणजे ८०२.१क्यू व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर एकमेकांपासून वेगळी अशी अनेक जाळी चालवण्याची प्रमाणित पद्धत. ऑफिसची यंत्रे, कॅमेरे आणि पाहुण्यांचे वाय-फाय एकाच पेटीवर पण एकमेकांपासून तोडून ठेवायचे असतील तर हा स्विच ते काम चोख करतो. मात्र त्यासाठी दोन वेगळ्या पानांवरचे दोन तक्ते आपणच एकमेकांशी जुळवून घ्यावे लागतात, आणि ते जुळले नाहीत तर स्विच काहीच सांगत नाही. बहुतेक लोक इथेच अडकतात. म्हणून या परीक्षणात सर्वात जास्त जागा त्या दोन तक्त्यांना दिली आहे.

पेटीबद्दल थोडक्यात. आठही पोर्ट १०/१००/१००० एमबीपीएसचे. स्विचिंग क्षमता १६ जीबीपीएस, म्हणजे आठही पोर्ट दोन्ही दिशांनी पूर्ण वेगाने चालले तरी आत कोंडी होत नाही. व्हीलॅन एका वेळी ३२ बनवता येतात, क्रमांक १ ते ४०९४ मधले कोणतेही. आठ पोर्टांना ३२ पुरून उरतात. पीओई नाही. कॅमेरा किंवा ॲक्सेस पॉइंट नेटवर्कच्या केबलवरूनच वीज घेणारा असेल तर वेगळा इंजेक्टर लागेल, नाहीतर याच मालिकेतला टीएल-एसजी१०८पीई बघावा लागेल. त्याच्या चार पोर्टांवर पीओई आहे. पेटीच्या तळाला लेबलवर हार्डवेअरची आवृत्ती छापलेली असते, ती वाचल्याशिवाय वापरलेला स्विच घेऊ नका. पहिल्या आवृत्तीला वेब-पान नव्हते, विंडोजवरची युटिलिटीच लागे. शिवाय जुन्या आवृत्त्यांत व्हीलॅन १ मधून पोर्ट काढता येत नसे. हा दोष किती महागात पडतो ते पुढे येईल. फर्मवेअर उतरवतानाही त्याच आवृत्तीचे घ्यायचे.

पहिल्यांदा चालू करताना तो चालत्या नेटवर्कला जोडू नका. डीएचसीपीकडून (जाळ्यातल्या यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) पत्ता मिळाला नाही की हा स्विच १९२.१६८.०.१ हा पत्ता घेतो, आणि कितीतरी राउटरांचाही तोच पत्ता असतो. दोघे एकाच नेटवर्कवर आले की ब्राउझरमध्ये कधी राउटरचे पान उघडते, कधी स्विचचे, आणि बाकीच्यांचे इंटरनेट अधूनमधून तुटते. लॅपटॉपला हाताने १९२.१६८.०.५० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क द्या, केबल थेट स्विचला लावा, पान उघडा. पासवर्ड बदला, डीएचसीपी बंद करा, आणि स्विचला तुमच्या मुख्य जाळ्यातला कायमचा पत्ता देऊन टाका. डीएचसीपी बंद करण्याचे कारण नुसती शिस्त नाही, तेही पुढे येईल.

व्हीलॅनच्या मेनूत तीन पद्धती आहेत आणि एका वेळी एकच चालू राहते. पहिली एमटीयू व्हीलॅन. हे नाव फसवे आहे. पॅकेटच्या कमाल आकाराला आपण जे एमटीयू म्हणतो त्याच्याशी याचा काही संबंध नाही. इथे ते मल्टी-टेनंट युनिटचे लघुरूप आहे. यात एक पोर्ट अपलिंक ठरतो आणि बाकीचे सात फक्त त्या अपलिंकशी बोलू शकतात, आपसात नाही. वसतिगृहाच्या खोल्या किंवा भाड्याची ऑफिसे यांना एकच इंटरनेट द्यायचे आणि एकाला दुसरा दिसू द्यायचा नाही, एवढेच काम असेल तर ही पद्धत एका मिनिटात लागते, राउटरला टॅग (डेटाच्या तुकड्यावर लावलेली व्हीलॅनच्या क्रमांकाची चिठ्ठी) कळण्याची गरजही पडत नाही. दुसरी पोर्ट-बेस्ड व्हीलॅन. हिच्यात एक पोर्ट एकाच गटात बसतो. त्यामुळे स्विचचे दोन तुकडे होतात खरे, पण राउटर एकाच तुकड्याच्या वाट्याला येतो. दोन पूर्ण स्वतंत्र जाळी एका पेटीत घालायची असतील तरच हिचा उपयोग. तिसरी ८०२.१क्यू. हा स्विच घ्यायचा तो हिच्यासाठी.

आता एक मांडणी घेऊ. पोर्ट १ वर राउटर, ज्याला टॅग समजतात. पोर्ट २, ३, ४ वर ऑफिसची यंत्रे आणि प्रिंटर. पोर्ट ५ वर कॅमेऱ्यांना वीज देणारा साधा पीओई स्विच, पोर्ट ६ वर कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. पोर्ट ७ पाहुण्यांसाठी भिंतीत बसवलेला सॉकेट. पोर्ट ८ वर ॲक्सेस पॉइंट, ज्याच्यावर एक ऑफिसचे वाय-फाय आणि एक पाहुण्यांचे. ऑफिस व्हीलॅन १०, कॅमेरे २०, पाहुणे ३०.

८०२.१क्यू चालू केले की प्रत्येक व्हीलॅनसाठी आठ पोर्टांची एक ओळ येते आणि प्रत्येक पोर्टसमोर तीन गोल: अनटॅग्ड, टॅग्ड, सदस्य नाही. व्हीलॅन १० मध्ये पोर्ट १ टॅग्ड, आणि २, ३, ४, ८ अनटॅग्ड. व्हीलॅन २० मध्ये पोर्ट १ टॅग्ड, ५ आणि ६ अनटॅग्ड. व्हीलॅन ३० मध्ये १ आणि ८ टॅग्ड, ७ अनटॅग्ड. पोर्ट ८ दोन ठिकाणी आला हे बरोबरच आहे: ॲक्सेस पॉइंटचा स्वतःचा पत्ता आणि ऑफिसचे वाय-फाय टॅगशिवाय चालतात, पाहुण्यांची वाहतूक तो स्वतः ३० चा टॅग लावून पाठवतो. त्यासाठी ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंगमध्ये पाहुण्यांच्या नावापुढे ३० लिहायला विसरू नका, नाहीतर पाहुणे थेट ऑफिसच्या जाळ्यात उतरतील. पोर्ट ५ मागचा साधा स्विच टॅग ओळखत नाही आणि त्याला ओळखायची गरजही नाही. त्याच्यावरचे सगळे कॅमेरे आपोआप २० मध्ये येतात.

इथपर्यंत सगळे करतात. मग पान बंद करून कॅमेरा लावतात आणि कॅमेऱ्याला पत्ताच मिळत नाही.

कारण वरचा तक्ता फक्त बाहेर जाणाऱ्या फ्रेमचा, म्हणजे केबलवरून जाणाऱ्या डेटाच्या एकेका तुकड्याचा, आहे. कोणत्या व्हीलॅनची फ्रेम कोणत्या पोर्टमधून बाहेर पडू शकते, आणि पडताना टॅग ठेवायचा की काढायचा, एवढेच तो ठरवतो. टॅग नसलेली फ्रेम आत आली तर ती कोणत्या व्हीलॅनची मानायची हे ठरते पीव्हीआयडीवरून, आणि त्याचे पान वेगळे आहे. त्या पानावर सुरुवातीला आठही पोर्टांसमोर १ असतो. तो बदलेपर्यंत तुमची मांडणी अर्धीच झालेली असते. २, ३, ४, ८ निवडून १०, मग ५ आणि ६ निवडून २०, मग ७ ला ३०. पोर्ट १ चा १ तसाच राहू द्या.

दोन तक्ते वेगळे का, हे एक फ्रेम डोळ्यांसमोर ठेवली की लगेच कळते. पोर्ट ३ वरच्या यंत्राला प्रिंटरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) हवा आहे, म्हणून ते एआरपीचा, म्हणजे ‘हा आयपी पत्ता कुणाचा’ असा, प्रश्न सर्वांना उद्देशून पाठवते. फ्रेमच्या सुरुवातीला ६ बाइट घेणाऱ्याचा पत्ता, सगळे एफएफ. पुढचे ६ पाठवणाऱ्याचा मॅक. त्यानंतर ०८ ०६, म्हणजे आत एआरपी आहे. टॅग कुठेच नाही, कारण साध्या यंत्राला व्हीलॅन माहीतच नसते. स्विच पोर्ट ३ चा पीव्हीआयडी बघतो, १०. आता ही फ्रेम व्हीलॅन १० ची झाली आणि पाठवणाऱ्याचा मॅक पोर्ट ३ वर आहे अशी नोंद झाली. मग व्हीलॅन १० चे सदस्य बघितले जातात. पोर्ट २, ४, ८ अनटॅग्ड, त्यांच्यातून फ्रेम जशी आली तशीच बाहेर पडते. पोर्ट १ टॅग्ड, तिथे पाठवणाऱ्याच्या मॅकनंतर आणि ०८ ०६ च्या आधी चार बाइट घुसवले जातात: ८१ ०० ०० ०ए. पहिले दोन बाइट म्हणजे ‘इथे टॅग आहे’ ही खूण. उरलेल्या १६ बिटांत ३ प्राधान्याचे, १ कोंडीत आधी टाकून देता येण्याच्या खुणेचे आणि १२ व्हीलॅनच्या क्रमांकाचे. ०ए म्हणजे दहा. हीच फ्रेम २० ची असती तर ०० १४ दिसले असते, ३० ची असती तर ०० १ई. बारा बिटांत ४०९६ आकडे बसतात, त्यातले ० आणि ४०९५ राखीव, म्हणून ४०९४. चार बाइट वाढले म्हणून शेवटची तपासणी-बेरीज नव्याने काढावी लागते आणि फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ होते. पोर्ट ५, ६, ७ वर यातले काहीच जात नाही. व्हीलॅन म्हणजे एवढेच: ब्रॉडकास्ट (अशी सर्वांना उद्देशून पाठवलेली फ्रेम) कुठपर्यंत पोचावा याची सीमा.

पीव्हीआयडी विसरला की काय होते तेही याच वाटेने शोधा. कॅमेरा डीएचसीपीची हाक मारतो. फ्रेम पोर्ट ५ मधून टॅगशिवाय आत येते, पीव्हीआयडी १, म्हणून ती व्हीलॅन १ ची मानली जाते. व्हीलॅन १ मध्ये राउटरचा पोर्ट अजून अनटॅग्ड असेल तर ती राउटरला विनाटॅग पोचते. राउटरने विनाटॅग वाहतुकीसाठी काही ठेवले नसेल तर उत्तर येत नाही आणि कॅमेरा पत्त्याशिवाय बसून राहतो. त्या जागी विंडोजचे यंत्र असेल तर ते १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेते. ही परिस्थिती परवडली, निदान चूक झाली हे दिसते. राउटरने विनाटॅग वाहतुकीला मुख्य जाळे दिलेले असेल तर कॅमेऱ्याला व्यवस्थित पत्ता मिळतो, चित्र दिसते, सगळे खूश होतात, आणि कॅमेरा चुकीच्या जाळ्यात बसलेला असतो. म्हणून नुसता पत्ता मिळाला का एवढे बघू नका, कोणत्या जाळ्यातला मिळाला ते बघा.

याच्या उलट चूक जास्त छुपी असते. पीव्हीआयडी बरोबर लावले, पण पोर्ट व्हीलॅन १ मधून काढले नाहीत. मूळ अवस्थेत आठही पोर्ट व्हीलॅन १ चे अनटॅग्ड सदस्य असतात, आणि नवे व्हीलॅन बनवल्याने ते सदस्यत्व आपोआप जात नाही. अशा पोर्टमधून आत येणारी वाहतूक योग्य व्हीलॅनमध्येच जाते, पण व्हीलॅन १ चा ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्ट (एका गटाला उद्देशून पाठवलेल्या फ्रेम) मात्र त्या पोर्टमधून बाहेर झिरपत राहतो. आयपीव्ही४ मध्ये हे सहसा लक्षात येत नाही. आयपीव्ही६ मध्ये ते चटकन उघडे पडते: राउटर आपली घोषणा सर्व यंत्रांना मल्टिकास्टने पाठवतो, ती पाहुण्यांच्या पोर्टवर पोचते, आणि पाहुण्याचा लॅपटॉप मुख्य जाळ्याचा आयपीव्ही६ पत्ता स्वतःच बनवून घेतो. तो पत्ता वापरून निघालेली फ्रेम ३० मध्ये जाते, तिथे ते मुख्य जाळे नसते, आणि पाहुणा तक्रार करतो की काही संकेतस्थळे उघडायला फार वेळ लागतो. ही तक्रार आली की आधी व्हीलॅन १ चा तक्ता उघडा. आपल्या मांडणीत त्यात फक्त पोर्ट १ उरला पाहिजे, २ ते ८ समोर ‘सदस्य नाही’. ज्या जुन्या आवृत्तीत हे करताच येत नाही ती या कामाची नाही, कितीही स्वस्तात मिळाली तरी. त्या आवृत्तीत अडकलेच असाल तर पळवाट एकच, राउटरवर विनाटॅग जाळे ठेवूच नका; व्हीलॅन १ मध्ये कुणी बोलणारेच नसले की झिरपायला काही उरत नाही.

क्रमही सांगून ठेवतो: आधी नवे व्हीलॅन आणि त्यांचे सदस्य, मग पीव्हीआयडी, शेवटी व्हीलॅन १ मधून काढणे. या क्रमाने गेलात तर मध्येच कोणताही पोर्ट बेवारस होत नाही.

सिस्कोच्या स्विचवर काम केलेल्यांना हा दोन तक्त्यांचा खटाटोप विचित्र वाटेल. तिथे पोर्ट ‘ॲक्सेस’ ठरवून त्याला व्हीलॅन २० दिले की सदस्यत्व आणि पीव्हीआयडी एकाच आज्ञेत ठरतात, चुकायला जागाच उरत नाही. ‘ट्रंक’ म्हटले की टॅग्ड, आणि तिथला ‘नेटिव्ह’ व्हीलॅन म्हणजे इथला पीव्हीआयडी आणि अनटॅग्ड सदस्यत्व मिळून. टीपी-लिंकने ते दोन तुकडे उघडे ठेवले आहेत. माझ्या मते पानावर निदान एक इशारा यायला हवा होता, की या पोर्टचा पीव्हीआयडी २० आहे पण तो अनटॅग्ड सदस्य १० चा आहे. एवढी एक ओळ असती तर निम्म्या तक्रारी उद्भवल्याच नसत्या. आणि ‘ट्रंक’ शब्दाबद्दल सावध राहा. जुन्या एचपी प्रोकर्व्ह स्विचांवर ट्रंक म्हणजे दोन-चार केबल एकत्र बांधून केलेली जोडणी, जिला इथे एलएजी म्हणतात. सिस्कोच्या मार्गदर्शिका वाचून एचपीवर ट्रंक बनवायला गेले की भलतेच काही तयार होते.

तुकडे उघडे ठेवल्याचा एक फायदा मात्र आहे. राउटर अगदी साधा असेल, त्याला टॅग कळत नसतील, तरी दोन गट एकमेकांपासून तोडून दोघांना इंटरनेट देता येते. समजा राउटर पोर्ट ८ वर आहे. व्हीलॅन १ मध्ये सगळे पोर्ट अनटॅग्ड. व्हीलॅन २ मध्ये १ ते ४ आणि ८ अनटॅग्ड. व्हीलॅन ३ मध्ये ५ ते ७ आणि ८ अनटॅग्ड. पीव्हीआयडी १ ते ४ ला २, ५ ते ७ ला ३, आणि ८ ला १. पहिल्या गटाची फ्रेम २ मध्ये येते, म्हणून ती आपल्या गटात आणि राउटरकडेच जाऊ शकते. राउटरचे उत्तर १ मध्ये येते, म्हणून ते कुणाकडेही जाऊ शकते. जाण्याची वाट एका व्हीलॅनची, येण्याची दुसऱ्याची. सिस्कोच्या ॲक्सेस-ट्रंकच्या साच्यात हे बसत नाही, इथे बसते. पण याला पूर्ण विलगीकरण समजू नका. सगळी यंत्रे एकाच सबनेटमध्ये (पत्त्यांच्या एकाच गटात) राहतात आणि राउटरकडून येणारा ब्रॉडकास्ट दोन्ही गटांना मिळतो. शिवाय स्विच प्रत्येक व्हीलॅनसाठी मॅकची नोंद वेगळी ठेवत असेल तर आणखी एक अडचण: यंत्राचा मॅक नोंदला गेला २ मध्ये आणि राउटरचे उत्तर शोधत आले १ मध्ये, तिथे तो सापडत नाही, आणि न सापडलेली फ्रेम सर्व पोर्टांवर उधळली जाते. मोठी फाइल उतरवताना दुसऱ्या गटाच्या पोर्टांचे दिवेही त्याच लयीत लुकलुकत असतील तर हेच चालले आहे असे समजा.

हा स्विच काय करत नाही ते घेण्याआधी नीट कळले पाहिजे. तो व्हीलॅनांमध्ये राउटिंग करत नाही, डीएचसीपी देत नाही, कुणाला कुणाकडे जाऊ द्यायचे याचे नियम ठेवत नाही. ते सगळे राउटरकडे. राउटरवर पोर्टच्या आत १०, २०, ३० असे तीन उप-इंटरफेस, प्रत्येकाला वेगळे सबनेट, वेगळा डीएचसीपी आणि फायरवॉलचे नियम. हे नियम लिहिले नाहीत तर बहुतेक राउटर तिन्ही जाळ्यांत खुशाल वाट करून देतात, आणि व्हीलॅन करूनही पाहुणा कॅमेऱ्याच्या लॉगिनपर्यंत पोचतो. दोष स्विचला दिला जातो, तो त्याचा नसतो. वेगाचेही तसेच. १० मधून २० मध्ये जाणारी प्रत्येक फ्रेम पोर्ट १ मधून वर जाते आणि त्याच केबलने खाली येते. एका दिशेचा मोठा प्रवाह गिगाबिटमध्ये निभावतो, पण दोन्ही दिशांना जड वाहतूक आणि वर इंटरनेट असे एकत्र आले की ती एक केबल कमी पडते. म्हणून रेकॉर्डर कॅमेऱ्यांच्याच व्हीलॅनमध्ये ठेवला आहे. चोवीस तासांचे चित्रीकरण राउटरला वळसा घालून नेण्यात काही अर्थ नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मी या स्विचला हात राखून गुण देईन. या मालिकेच्या बऱ्याच आवृत्त्यांत वेब-पान एखाद्या ठरावीक व्हीलॅनपुरते बांधून ठेवण्याची सोय नाही. स्विचचा स्वतःचा पत्ता जणू सगळ्या व्हीलॅनमध्ये एकाच वेळी असतो. डीएचसीपी बंद करायला सांगितले ते यासाठीच: चालू ठेवला तर जे जाळे आधी उत्तर देईल त्याचा पत्ता स्विच घेऊ शकतो, आणि वीज गेल्यानंतर तो पाहुण्यांच्या सबनेटमध्ये जाऊन बसू शकतो. तुमच्या हातातल्या आवृत्तीत काय आहे ते तपासायला दोन मिनिटे पुरतात. लॅपटॉप पोर्ट ७ ला लावा, त्याला स्विचच्या सबनेटमधला एक मोकळा पत्ता हाताने द्या, आणि ब्राउझरमध्ये स्विचचा पत्ता टाका. पान उघडले तर पाहुण्यालाही ते उघडता येणार. पान साध्या एचटीटीपीवर चालते, म्हणजे पासवर्डही उघडाच जातो. जिथे पोर्टला केबल लावणाऱ्यावर तुमचा विश्वास नाही, उदाहरणार्थ सार्वजनिक जागेतला सॉकेट, तिथे हा स्विच शेवटच्या टोकाला ठेवू नका. मॅनेजमेंट व्हीलॅन वेगळे ठेवता येणारा वरच्या वर्गातला स्विच घ्या. बंद खोलीतल्या कपाटात, जिथे प्रत्येक केबल कुणाची हे तुम्हाला ठाऊक आहे, तिथे तो बिनघोर लावा. या उणिवेची एक दुसरी बाजूही आहे: व्हीलॅन लावताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेण्याची चूक इथे सहसा होत नाही. झालीच तर पिनेने दाबायचे रिसेटचे बटण आहे, स्विच चालू असताना ५ सेकंदांहून थोडे जास्त दाबा.

बिघाड शोधायची साधने बेताची आहेत. आकडेवारीच्या पानावर प्रत्येक पोर्टसमोर चारच आकडे: पाठवलेली चांगली आणि खराब पॅकेट, आलेली चांगली आणि खराब. केबल तपासणी आहे, ती तुटलेली जोडी पकडते. मॅक टेबल मात्र दिसत नाही. व्हीलॅनच्या कामात ही उणीव सर्वात जास्त टोचते, कारण ‘हा कॅमेरा स्विचला कोणत्या व्हीलॅनमध्ये दिसतो आहे’ या प्रश्नाचे थेट उत्तर तिथेच असते. त्याऐवजी पोर्ट मिररिंग वापरा: पोर्ट १ च्या वाहतुकीची प्रत तात्पुरत्या रिकाम्या केलेल्या एका पोर्टवर उतरवा आणि तिथे वायरशार्क (फ्रेम पकडून दाखवणारे सॉफ्टवेअर) लावा. एक खबरदारी घ्या. विंडोजवर अनेक नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर टॅग आधीच काढून टाकतात, त्यामुळे वायरशार्कमध्ये सगळे विनाटॅग दिसते आणि माणूस स्विचवर संशय घेतो. आधी ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ते बघा, किंवा लिनक्सच्या यंत्रावर पकडा.

आता राहिले सेव्ह. ‘अप्लाय’ दाबल्याने बदल लगेच लागू होतो, पण तो कायमचा लिहिला जात नाही. त्यासाठी मेनूत ‘सेव्ह कॉन्फिग’ वेगळे आहे. ते दाबले नाही तर आठवडाभर सगळे सुरळीत चालते आणि पहिल्यांदा वीज गेली की स्विच शेवटच्या जतन केलेल्या अवस्थेत उठतो. एकदाही जतन केले नसेल तर आठही पोर्ट पुन्हा व्हीलॅन १ मध्ये, कॅमेरे, पाहुणे, ऑफिस सगळे एका अंगणात. दिवे नेहमीसारखेच लागलेले असतात. सेव्ह केल्यावर त्याच मेनूतल्या साधनांतून सेटिंगची फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि तिच्या नावात हार्डवेअरची आवृत्ती लिहा.

शेवटी तपासणी, आणि ती वीज काढूनच करा. ॲडॅप्टर उपसा, दहा सेकंद थांबा, परत लावा. मग प्रत्येक पोर्टवर एकच लॅपटॉप फिरवा आणि मिळालेला पत्ता कोणत्या सबनेटमधला आहे ते लिहून घ्या: २, ३, ४, ८ वर ऑफिसचा, ५, ६ वर कॅमेऱ्यांचा, ७ वर पाहुण्यांचा. आयपीव्ही६ असेल तर तोही बघा. त्यानंतर पोर्ट ७ वर लॅपटॉपला ऑफिसच्या सबनेटमधला मोकळा पत्ता हाताने द्या, प्रिंटरला पिंग करा आणि एआरपीची यादी बघा. पिंगला उत्तर न येणे एवढे पुरेसे नाही, कारण प्रिंटर पिंगला गप्प राहणाराही असू शकतो. यादीत प्रिंटरच्या पत्त्यासमोर मॅक आला नाही, तर भिंत खरोखर उभी आहे. मॅक दिसला, तर पीव्हीआयडीचे पान पुन्हा उघडा.